बाळासाहेब खेर: मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले सॉलिसिटर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बाळासाहेब खेर म्हणजे नेमके कोण?

बाळ गंगाधर खेर. जन्म २४ ऑगस्ट १८८८, रत्नागिरी. पेशाने सॉलिसिटर. १९३७ ते १९३९ आणि पुन्हा १९४६ ते १९५२, असं दोन वेळा त्यांनी मुंबई प्रांताचं सरकार चालवलं. वांद्रे पूर्वेचं खेरनगर त्यांच्याच नावाचं. तिथल्या दोन-चार जणांना मी विचारून पाहिलं, हे खेर कोण म्हणून. कुणालाच सांगता आलं नाही. कूळकायदा, मंदिरप्रवेश, दारूबंदी, खोतीचा शेवट, पुणे विद्यापीठ या सगळ्यावर ज्यांच्या सरकारचा हात फिरला, त्यांच्याबद्दल आपल्याला एवढंही माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं. हे पान त्यासाठीच लिहिलं आहे.

ते मुख्यमंत्री होते की पंतप्रधान? दोन्ही शब्द वाचायला मिळतात.

दोन्ही बरोबर, काळ वेगळा. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला तेव्हा पंतप्रधान म्हणत. मराठीत मुख्य प्रधान असंही लिहीत. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली तेव्हा पदाचं नाव मुख्यमंत्री झालं. खेर त्याच खुर्चीवर होते.

हा प्रांत म्हणजे आजचा महाराष्ट्र नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवं. अहमदाबाद, खेडा, सुरत त्यात होते. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवारही होते. विदर्भ मध्य प्रांतात होता आणि मराठवाडा निजामाकडे. सिंध १९३६ मध्ये वेगळा झाला होता. म्हणजे गुजराती, मराठी आणि कानडी अशा तीन भाषांच्या आमदारांना एका बाकावर सांभाळायचं काम या रत्नागिरीच्या माणसाकडे होतं.

सॉलिसिटर आणि वकील यात फरक काय? खेर कोर्टात उभे राहत नव्हते का?

खेरांचं राजकारण समजून घ्यायला माझ्या मते याहून उपयोगी प्रश्न नाही.

मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत, म्हणजे शहरातले मोठ्या रकमेचे दावे थेट जिथे दाखल होत तिथे, काम दोघांत वाटलेलं असे. अशील येई तो सॉलिसिटरकडे. त्याचं म्हणणं ऐकून घेणं, कागदपत्रं मागवणं, खतं-करारनामे तपासणं, दाव्याचा मसुदा करणं, समोरच्या पक्षाच्या सॉलिसिटरशी पत्रव्यवहार करणं आणि शक्य असेल तर तडजोड घडवणं, ही सगळी त्याची कामं. मग तो ब्रीफ, म्हणजे खटल्याची टिपणं आणि कागद, तयार करी आणि बॅरिस्टरला नेमून देई. न्यायाधीशापुढे झगा घालून बोलायचा तो बॅरिस्टर. सॉलिसिटर त्याच्या पुढ्यात बसे आणि हवा तो कागद हवा त्या क्षणी हातात ठेवी. सॉलिसिटर होण्यासाठी कायद्याची पदवी पुरत नसे. एखाद्या कंपनीत आर्टिकल क्लार्क म्हणून उमेदवारी करावी लागे आणि वर एक अवघड परीक्षा द्यावी लागे.

खेरांनी विल्सन कॉलेजातून १९०८ मध्ये संस्कृत घेऊन बी.ए. केलं, भाऊ दाजी पारितोषिक मिळवलं, एलएल.बी. झाले, हायकोर्टाचे न्यायमूर्ती बीमन यांच्या हाताखाली काम केलं आणि १९१८ मध्ये सॉलिसिटर झाले. मणिलाल यांच्यासोबत त्यांनी कंपनी काढली. मणिलाल खेर हे नाव हायकोर्टाच्या आवारात पुढे अनेक दशकं टिकलं.

काँग्रेसमध्ये बोलणारे वकील पुष्कळ होते. खेर ऐकून घेणारे, कागद नीट लावणारे आणि दोन्ही बाजूंना मान्य होईल असा मसुदा काढणारे वकील होते. त्यांच्या कारकिर्दीतलं चांगलंही बरंचसं इथून आलं आणि अपुरं राहिलं तेही इथूनच.

चालती प्रॅक्टिस सोडून ते राजकारणात कसे आले?

एका दिवसात आले नाहीत. १९२२ च्या सुमारास ते स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे चिटणीस झाले. तेव्हा ऑफिसही चालू होतं. १९३० च्या सविनय कायदेभंगात पहिली शिक्षा झाली, आठ महिने सक्तमजुरी. १९३२ मध्ये पुन्हा पकडले, या वेळी दोन वर्षं. अशिलांच्या विश्वासावर चालणाऱ्या सॉलिसिटरच्या धंद्यात मालकच तुरुंगात जाणं म्हणजे काय, हे त्या धंद्यातल्यांना वेगळं सांगायला नको.

नरिमनांना डावलून खेरांना नेमलं, हे खरं का?

मंत्रिमंडळाचा नेता नरिमन होणार अशी मुंबईत बहुतेकांची समजूत होती, हे खरं. खुर्शेद फ्रामजी नरिमन स्वतः नावाजलेले वकील, मुंबई प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष, शहराचे माजी महापौर. मुंबईतल्या बॅकबे भरावाच्या (समुद्र बुजवून जमीन करण्याच्या) कामातला गैरव्यवहार त्यांनी उघड केला होता, त्यावरून अंगावर आलेल्या बदनामीच्या खटल्यातून ते निर्दोष सुटले होते. पण १९३७ च्या निवडणुकीनंतर विधिमंडळ पक्षाने निवडलं खेरांना. सरदार पटेलांनी आपल्याविरुद्ध वजन वापरलं, असा नरिमनांचा आरोप होता. चौकशी गांधीजी आणि कायदेपंडित बहादुरजी यांच्याकडे गेली आणि निकाल नरिमनांच्या विरोधात लागला.

मला नरिमनांबद्दल हळहळ वाटते. पण खेरांनी हे पद मागून घेतलं असं कुठे दिसत नाही. गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही गटांना ज्याचं वावडं नाही असा माणूस हवा होता, आणि खेर तसे होते.

लगेच सरकार बनलं का?

नाही. काँग्रेसला १७५ पैकी ८६ जागा मिळाल्या होत्या, बहुमताच्या काठावर. गव्हर्नर आपले खास अधिकार ऊठसूट वापरणार नाही असा भरवसा मिळेपर्यंत पद घ्यायचं नाही, असं पक्षाचं धोरण होतं. मधल्या काळात साताऱ्याचे धनजीशा कूपर यांचं अल्पमतातलं मंत्रिमंडळ होतं. सावरकरांची रत्नागिरीची स्थानबद्धता उठली ती याच काळात, मे १९३७ मध्ये. १९ जुलै १९३७ ला खेरांनी सूत्रं घेतली. सोबत कन्हैयालाल मुन्शी, मोरारजी देसाई, अण्णासाहेब लठ्ठे, डॉ. गिल्डर अशी माणसं होती. सभापती झाले अहमदाबादचे वकील गणेश वासुदेव मावळंकर, जे पुढे लोकसभेचेही पहिले सभापती झाले.

काँग्रेसच्या मंत्र्यांनी महिना ५०० रुपये पगार घ्यायचा, असं ठरलं होतं. डॉ. आंबेडकरांनी सभागृहात यालाही हरकत घेतली. एवढ्या पगारावर लायक माणसं मंत्रिपदासाठी मिळणार कशी, असा त्यांचा सवाल होता.

खोतीच्या प्रश्नावर खेर आणि आंबेडकर समोरासमोर आले होते ना?

हो, आणि कोकणातल्या माणसाने हे जरूर वाचावं.

खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मधला मालक. सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि कुळांकडून वाटेल तेवढं काढायचं. धान्याचा मोठा वाटा, वर वेठ: खोताच्या घरी फुकट राबणं, त्याच्या शेताची लावणी आधी करणं. रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतल्या कित्येक पिढ्या याखाली दबल्या. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी १९३३ पासून शेती कसायचीच नाही असा संप पुकारला. तो सहा वर्षं चालला. करवंदं, लाकूडफाटा विकून घरं चालवली, पण नांगर धरला नाही.

१७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. सरकारने ते पुढे नेलं नाही. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर आला. रीगल सिनेमासमोर आज पोलीस मुख्यालय आहे, ती तेव्हाची विधानसभा. बोटीने, रेल्वेने, पायी आलेली माणसं, खांद्यावर घोंगडी आणि फडक्यात भाकर. शिष्टमंडळ घेऊन आंबेडकर खेरांना भेटले. खेरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. विचार करू म्हणाले. खोती काही तेव्हा गेली नाही.

इथे मला दोन वकील दिसतात. आंबेडकर बॅरिस्टर: अन्याय मुळातच बेकायदा ठरवा, निकाल द्या. खेर सॉलिसिटर: हक्कदार किती, नुकसानभरपाई किती, कागद काय सांगतात, आधी ते पाहू. खेर स्वतः रत्नागिरीचे. हा जाच त्यांना ऐकून माहीत होता असं नव्हे, तो त्यांच्या जिल्ह्यातलाच होता. तेव्हा त्यांनी अधिक धाडस करायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. खोती निर्मूलनाचा कायदा झाला तो त्यांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत, १९४९ चा. मोर्च्यातल्या म्हाताऱ्यांपैकी किती जण तोवर हयात असतील, हा विचार मनातून जात नाही.

आमच्या सातबाऱ्यावर 'संरक्षित कूळ' लिहिलंय. त्याचा खेरांशी काही संबंध?

आहे. त्यांच्या पहिल्या सरकारने १९३९ मध्ये कूळकायदा केला. ठरावीक वर्षं जमीन कसणाऱ्या कुळाला मालक मनास येईल तेव्हा काढू शकणार नाही, ही कल्पना त्यातून आली, आणि 'संरक्षित कूळ' हा शब्दही. चरीला महसूलमंत्री मोरारजी देसाई स्वतः जाऊन आले होते. त्या संपाचं फळ या कायद्यात आहे. पुढे १९४८ चा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला, तोही खेर मुख्य प्रधान असतानाच. १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनी कुळं मालक झाली ती याच कायद्यातल्या नंतरच्या दुरुस्तीने.

आमच्या घरी आजोबांच्या वेळचा एक उतारा आहे, घडीवर फाटत चाललेला. इतर हक्काच्या रकान्यात आडव्या अक्षरात कुळाचं नाव आणि पुढे 'सं. कूळ'. तलाठ्याने निळ्या शाईत दोन शब्द लिहिले आणि एका कुटुंबाला जमिनीवरून हलवणं अवघड झालं. कागदावर जीव असणाऱ्या माणसाचं सरकार असलं की काय होतं, ते मला त्या दोन शब्दांत दिसतं.

१९३८ च्या 'काळ्या कायद्या'चं काय?

मुंबई औद्योगिक कलह कायदा. संपावर जाण्याआधी समेटाची सगळी पायरी-पायरीची प्रक्रिया पूर्ण करायची, ती न करता संप केला तर तो बेकायदा आणि शिक्षेला पात्र. गिरणगावात संताप उसळला. ७ नोव्हेंबर १९३८ ला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला, गोळीबारही झाला. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, संप करणाऱ्याला शिक्षा करणं म्हणजे त्याला गुलाम करणं, ही आंबेडकरांची मांडणी त्याच वेळची.

समेट आधी, भांडण नंतर, हा सॉलिसिटरचा धर्मच. पण ऑफिसात समोरासमोर बसणारे दोन अशील साधारण तोलामोलाचे असतात. गिरणीमालक आणि बदली कामगार तसे नव्हते. त्याला एक महिना थांबायला सांगणं म्हणजे खाणावळीची उधारी वाढवायला सांगणं. हे सरकारला दिसायला हवं होतं.

मंदिरप्रवेशाचा कायदा त्यांनीच केला का?

दोन केले, आणि दोघांतलं अंतर पाहण्यासारखं आहे. १९३८ चा कायदा म्हणत होता की विश्वस्तांची इच्छा असेल तर ते देऊळ अस्पृश्यांना उघडू शकतात, रूढी किंवा ट्रस्टचा दस्तऐवज आड येणार नाही. सगळं विश्वस्तांच्या मर्जीवर. १९४७ च्या कायद्याने मर्जीचा भाग काढून टाकला आणि प्रवेश हा हक्क केला. त्याच वर्षी मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात विठ्ठलाच्या दारी उपोषण केलं होतं.

खोती आणि देवळं, दोन्हीत तेच दिसतं. पहिल्या खेपेला खेर संमती मागतात, दुसऱ्या खेपेला हक्क लिहून देतात. मधल्या सहा-सात वर्षांत तुरुंगवास झाला होता, गव्हर्नरची टांगती तलवार गेली होती, आणि रस्त्यावरचे लोकही थांबायला तयार नव्हते.

दारूबंदी त्यांचीच ना?

हो. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ पासून. खातं डॉ. गिल्डरांकडे होतं. ते स्वतः पारशी, आणि ताडी-दारूच्या धंद्यात पारशी कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे घरचाच रोष त्यांनी पत्करला. बुडालेलं उत्पन्न भरून काढायला शहरातल्या स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसवला, म्हणून घरमालकही चिडले. सरकार गेल्यावर बंदी ढिली पडली. मग १९४९ चा कायदा. त्यातली काही कलमं १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालसारा खटल्यात रद्द केली, पण उरलेला कायदा महाराष्ट्रात नाव बदलून आजही लागू आहे. परमिट हा शब्द तिथलाच.

१९३९ मध्ये राजीनामा का दिला?

व्हाइसरॉयने हिंदी पुढाऱ्यांना न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. त्याच्या निषेधार्थ सगळ्या प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यात खेरांचं मंत्रिमंडळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलं. पुढे 'छोडो भारत'मध्ये त्यांना पुन्हा तुरुंगवास झाला.

आदिवासींसाठी त्यांनी काम केलं असं ऐकलं. मग वारली लढ्यात त्यांच्या सरकारने दडपशाही का केली?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीच्या आडोशाने दुसरी लपवू नये. त्यांच्या पहिल्या सरकारने सिमिंग्टन या अधिकाऱ्याला आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला लावलं. लग्नापुरतं कर्ज घेऊन नवरा-बायको सावकाराकडे आयुष्यभर राबत, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. ही प्रथा सरकारी कागदावर आली. १९४० मध्ये खेरांनी आदिवासी सेवा मंडळ काढलं. तळमळ खरी होती. पण १९४५ पासून डहाणू-तलासरीकडचे वारली लाल बावट्याखाली स्वतःच उभे राहिले, वेठ बंद केली, गवतकापणीचा दर मागितला, तेव्हा १९४६ च्या सरकारने पोलीस पाठवले आणि पुढाऱ्यांना जिल्ह्यातून हद्दपार केलं. गोदावरी परुळेकर त्यांत होत्या. त्याही कायद्याच्या पदवीधर. सेवा करायला सरकार तयार होतं, पण ज्याची सेवा करायची तो उठून हक्काने दर सांगू लागला की अडचण व्हायची.

गांधीजींच्या खुनाआधी त्यांना सूचना मिळाली होती का?

२० जानेवारी १९४८ ला दिल्लीत, गांधीजी राहत होते त्या बिर्ला भवनात स्फोट झाला आणि तो घडवणारा मदनलाल पकडला गेला. दुसऱ्या दिवशी रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन मुंबईत खेर आणि मोरारजी देसाईंना भेटले. गांधीजींच्या खुनाच्या कटाबद्दल मदनलालने आपल्याला काय सांगितलं होतं ते त्यांनी सांगितलं. गृहखातं मोरारजींकडे होतं, पुढचा तपास त्यांनी पोलिसांकडे सोपवला. तरी ३० जानेवारी टळली नाही. या कटाच्या चौकशीसाठी नेमलेल्या कपूर आयोगाने पुढे या सगळ्याची तपशिलात चिकित्सा केली. खेरांच्या कारकिर्दीतला मला सर्वांत जड वाटणारा हा आठवडा आहे.

दुसऱ्या कारकिर्दीतून पुढे कोण आलं?

यशवंतराव चव्हाण. कऱ्हाडला वकिली केलेला हा तरुण १९४६ मध्ये गृहखात्याचा संसदीय चिटणीस झाला. सचिवालयाची फाईल कशी फिरते हे तो खेर-मोरारजींच्या सरकारात शिकला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. पुणे विद्यापीठही याच काळातलं, १९४९ चं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर.

त्या काळी सगळे प्रांतप्रमुख वकीलच होते का?

बरेचसे. मद्रासला राजाजी, संयुक्त प्रांतात गोविंद वल्लभ पंत, बिहारला श्रीकृष्ण सिंह. मध्य प्रांतात मात्र नागपूरचे डॉ. ना. भा. खरे होते, ते डॉक्टर. त्यांच्या जागी आलेले रविशंकर शुक्ल पुन्हा वकीलच.

१९५२ नंतर ते कुठे गेले?

एप्रिल १९५२ मध्ये मोरारजी मुख्यमंत्री झाले. खेर लंडनला भारताचे उच्चायुक्त म्हणून गेले, कृष्ण मेनन यांच्या जागी, आणि १९५४ मध्ये परतले. त्याच वर्षी पद्मविभूषण. १९५५ मध्ये राजभाषा आयोगाचं अध्यक्षपद आलं. इंग्रजीची जागा हिंदीने कधी आणि कशी घ्यायची, हा प्रश्न. १९५६ च्या अहवालाला सुनीतिकुमार चटर्जी आणि सुब्बरायन यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. तीन भाषांच्या प्रांतात जन्मभर सगळ्यांना सोबत घेऊन चाललेल्या माणसाला शेवटच्या कामात ते साधलं नाही.

८ मार्च १९५७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. मराठी-गुजराती अशा ज्या द्विभाषिक मुंबई राज्याचे यशवंतराव तेव्हा मुख्यमंत्री होते, त्याला अजून तीन वर्षं आयुष्य होतं. कुळं जमिनीची मालक झाली तो कृषिदिन खेरांच्या मृत्यूनंतर चोवीसाव्या दिवशी, १ एप्रिलला उजाडला.